कोकणातल्या ऑफिसची साफसफाई: ओल, लाल माती आणि टेबलामागची माणसं

मी रत्नागिरीत ऑफिसांच्या साफसफाईची कामं घेते. पतपेढी, वकिलांची ऑफिसं, इन्शुरन्सवाले, एखादं सरकारी कार्यालय, असं सगळं, आणि नवीन येणाऱ्यांना शिकवायचं कामही माझ्याकडेच असतं. युट्यूबवर जे व्हिडिओ बघून लोक येतात ते सगळे मोठ्या शहरातल्या काचेच्या, सेंट्रल एसीच्या ऑफिसचे असतात, ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही, कारण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दारात जांभ्याची लाल माती, खारा वारा, आणि चार महिने भिंतीला हात लावला तर हात ओला. म्हणून नीट लिहून काढतेय. दोन गोष्टी पहिल्यापासून धरून चला. इथे पाणी कमी वापरायचं आणि कोरडं जास्त करायचं. आणि माणसांच्या बाबतीत आधी सांगायचं, मग हात लावायचा.

काम सुरू करण्याआधी एक फेरी

पहिल्या दिवशी झाडू हातात घेऊ नका. ऑफिसात जो कोणी जबाबदार असेल, मॅनेजर, हेड क्लार्क, त्याच्याबरोबर सगळ्या खोल्या फिरा. लादी कसली आहे ते बघा, शहाबादी, मोझॅक, मार्बल की व्हिट्रिफाइड, कारण त्यावर ठरतं कुठलं लिक्विड चालेल. मार्बल आणि मोझॅकवर ॲसिड पडलं की चुन्याचा अंश उकळून निघतो, चकाकी जाते आणि ती परत येत नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. नळाला पाणी कुठलं, विहिरीचं, बोअरचं की नगरपरिषदेचं, हेही विचारा. आपल्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी बेसिनला आणि भांड्याला तपकिरी डाग पडतात आणि लोक म्हणतात बाई घासत नाही.

मग प्रत्येक टेबलाशी जाऊन आपलं नाव सांगा आणि विचारा, "तुमचं टेबल रोज पुसू का, कागद हलवलेले चालतील का?" कोणी म्हणेल सगळं उचलून पुसा, कोणी म्हणेल फक्त कडेकडेने, कोणी म्हणेल माझ्या टेबलाला अजिबात हात लावू नका. जे सांगतील ते एका वहीत लिहा. ही वही पुढे फार कामाला येते.

वेळही तेव्हाच ठरवून घ्या. राज्य सरकारच्या ऑफिसांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ सकाळी ९.४५ ते संध्याकाळी ६.१५, म्हणजे ओलं काम सगळं पावणेदहाच्या आत उरकलं पाहिजे आणि लादी वाळायलाही वेळ मिळाला पाहिजे. मोठी साफसफाई शनिवारी करायची तर चावी कोण देणार, बरोबर कोण थांबणार, हे लेखी ठरवा. रिकाम्या ऑफिसात एकट्याने उघड्या कपाटांच्या खोलीत काम करायचं नाही, हा माझ्या सगळ्या बायकांना नियम आहे, त्यांच्याच भल्यासाठी.

सामान

महागडी मशीन लागत नाहीत. दोन बादल्या, पिळायचा मॉप, लांब दांड्याचा वायपर, मऊ झाडू, सुपडी, जाळी काढायचा झाडू, ग्लोव्हज, मास्क, आणि मायक्रोफायबरची फडकी चार रंगांत. लाल फडकं फक्त संडासात, पिवळं बेसिन आणि आरशाला, हिरवं पॅन्ट्रीत, निळं टेबल-खुर्च्यांना. हा रंगांचा नियम मोडायचा नाही म्हणजे नाही. ज्या फडक्याने कमोड पुसला त्यानेच कोणी चहाचा ट्रे पुसताना स्टाफने एकदा बघितलं तर तुमच्यावरचा विश्वास त्या दिवशीच संपतो, आणि बघितलं नाही तरी आजार पसरायचा तो पसरतोच.

फडकी रोज धुवा आणि वाळवा. पावसात वाळत नाहीत ही खरी अडचण आहे, म्हणून दोन सेट ठेवा, आणि एक दोरी छपराखाली जिथे वारा लागतो तिथे. ओल्या फडक्याला कुबट वास आला की त्या फडक्याने पुसलेल्या टेबलालाही तोच वास येतो. मायक्रोफायबरला कंडिशनर लावू नका, त्याची धूळ धरायची ताकद जाते.

हे मात्र मनावर घ्या

संडास साफ करायच्या निळ्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, डोळे झोंबतात, छाती भरते, आणि आपल्याकडचे ऑफिसचे संडास इवलेसे, खिडकी म्हणजे दोन जाळीच्या विटा, तिथे माणूस कोसळायला वेळ लागत नाही. "दोन्ही टाकलं की जास्त पांढरं होतं" असं सांगणारे भेटतील, कृपा करून ऐकू नका. ब्लीच अमोनियावाल्या काच पुसायच्या लिक्विडमध्येही मिसळायचं नाही. आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कुठलंही केमिकल भरून ठेवायचं नाही, कोणीतरी तहानेला येऊन तोंडाला लावतं.

ब्लीचचं प्रमाण सांगते. बाजारात बहुतेक ५ टक्क्यांचं मिळतं, लेबल बघून घ्या. रोजच्या पुसण्याला १ भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी. रक्त किंवा उलटी पडली असेल तर १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी, पण आधी टिश्यूने किंवा जुन्या पेपराने घाण उचलायची, मग टाकायचं, आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. लगेच पुसलं तर जंतू मरत नाहीत, नुसता वास येतो. गरम पाण्यात कालवू नका, आणि रोज ताजं करा, कालचं उरलेलं कामाचं नाही.

सकाळचा क्रम

वरून खाली आणि आतून बाहेर. आधी खिडक्या उघडा, पाऊस तिरका येत नसेल तर. मग संडासात जाऊन भांड्यात लिक्विड टाकून या, ते आपलं काम करत बसतं तोपर्यंत तुम्ही बाकी करता. मग जाळ्या, पंख्याची पाती, ट्यूबलाइट, कपाटांच्या वरच्या बाजू. मग टेबलं. मग केर. लादी सगळ्यात शेवटी.

टेबल कसं पुसायचं ते जरा सविस्तर सांगते कारण सगळ्या तक्रारी इथूनच येतात. निळं फडकं हलकं ओलं करून घट्ट पिळा आणि दोनदा घडी घाला, म्हणजे चार पदर होतात आणि उलटून-पालटून आठ बाजू वापरायला मिळतात, एक बाजू मळली की दुसरी. डाव्या हाताने कागदांचा गठ्ठा जसा आहे तसा सरळ उचला, खालून पुसा, पाच सेकंद थांबा, लादीसारखी टेबलंही आपल्याकडे पटकन वाळत नाहीत, मग सुकं फडकं फिरवा आणि गठ्ठा त्याच जागी, त्याच दिशेने ठेवा. गठ्ठा सरळ करायचा मोह होतो, करू नका. तिरकी ठेवलेली फाइल म्हणजे त्या माणसाची खूण असते की इथवर काम झालंय. चष्मा, पेन, देवाचा फोटो, मुलाने केलेलं मातीचं काहीतरी, जिथलं तिथे. मी नवीन मुलींना सांगते, माणूस खुर्चीत बसल्यावर त्याला टेबल स्वच्छ दिसलं पाहिजे, पण कोणी हात लावलाय असं वाटता कामा नये.

मॉनिटरवर लिक्विड थेट मारू नका. सुक्या मायक्रोफायबरने पुसा, डाग असेल तर फडक्याचं टोक किंचित ओलं करून. कीबोर्ड, माउस, फोनचा रिसिव्हर, लाइटची बटणं यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडक्यावर घेऊन. हातावरचा सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट होतं आणि आणखी धूळ धरतं. कोणतीही वायर, कोणताही प्लग काढायचा नाही, कितीही मध्ये येत असला तरी. सर्व्हरचा किंवा यूपीएसचा प्लग निघाला तर दिवसभराचं काम ठप्प होतं. आपला व्हॅक्यूम असेल तर तो ज्या बोर्डवर लावायचा त्यावर स्टिकर लावून घ्या. स्क्रीन उघडी राहिली असेल तर वाचू नका, बंदही करू नका.

सरकारी ऑफिसची रेकॉर्ड रूम असेल तर तिथे पाण्याचा थेंब नको. रुमालात बांधलेली दप्तरं असतात, त्यांना सुका ब्रश आणि मास्क. कसर किंवा वाळवीची माती दिसली तर झाडून टाकू नका, आधी संबंधित क्लार्कला दाखवा. ती मातीची रेघच पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगते की वाळवी कुठून चढतेय.

लादीसाठी दोन बादल्या, एकीत लिक्विडचं पाणी, दुसरीत साधं. मॉप साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग लिक्विडमध्ये. खोलीच्या आतल्या टोकापासून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत मागे मागे दाराकडे यायचं. लगेच सुका मॉप, पंखा चालू, आणि "ओली लादी" असा बोर्ड. लोक म्हणतात फिनेल जास्त टाका, वास आला पाहिजे. जास्त फिनेलने लादी चिकट होते आणि त्यावर लाल माती जी बसते ती मग खरवडून काढावी लागते. बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

संडासात परत या, ब्रश मारा, पाणी सोडा. क्रम असा: आरसा, बेसिन, नळ, दाराची कडी, मग भांडं, मग लादी. लोहाच्या तपकिरी डागाला ब्लीच लावू नका, ब्लीचने तो डाग आणखी पक्का होतो. त्याला ऑक्सॅलिक ॲसिडचं पातळ पाणी, ग्लोव्हज घालून, थोडा वेळ ठेवून धुवायचं. लेडीज टॉयलेटमध्ये झाकणाचा डबा आणि शेजारी जुने पेपर ठेवा, म्हणजे पॅड गुंडाळून टाकता येतात. हे मॅनेजरला सांगायला बायका लाजतात, तुम्ही सांगा. घनकचरा नियमांप्रमाणे पॅड वेगळं गुंडाळून द्यायचं असतं, ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचा असतो.

पॅन्ट्री

बुधवार, शुक्रवार आपल्याकडे डब्यात मासे असणार. ओल्या कचऱ्याचा डबा त्या दिवशी जेवण झाल्यावर लगेच खाली करा, संध्याकाळची वाट बघू नका, बांगड्याच्या काट्यांना तासाभरात मुंग्या लागतात आणि मांजर खिडकीतून येतं. मायक्रोवेव्हला वास धरला असेल तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीन-चार मिनिटं गरम करा, दार पाच मिनिटं बंद ठेवा, मग हिरव्या फडक्याने पुसा. यावरून ऑफिसात भांडणं होतात, शाकाहारी आणि मासे खाणाऱ्यांची, तुम्ही कुणाची बाजू घेऊ नका, वास घालवणं आपलं काम, बाकी त्यांचं ते बघतील.

फ्रिज दर शुक्रवारी. कोणाचाही डबा न विचारता टाकू नका. गुरुवारी फ्रिजवर चिठ्ठी लावा, "उद्या दुपारी ४ नंतर नाव नसलेलं टाकलं जाईल", आणि मगच टाका.

पावसाळा

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं जशी घरात असतात तशी ऑफिसातही मे महिन्यात करून घ्या. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवा म्हणजे मागे हवा खेळते, खिडक्यांच्या फटी बघा, गच्चीवरची पन्हळ साफ झाली का विचारा. दारात बाहेर एक खरखरीत पायपुसणं आणि आत एक गोणपाट किंवा शोषणारं मॅट, आणि छत्र्यांसाठी जुनी बादली. माती आत येऊ न देणं हे ती काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. आलीच तर ओली असताना फडकं मारू नका, चिखल पसरतो आणि लादीच्या सांध्यात लाल रंग उतरतो. वाळू द्या, झाडून घ्या, मग पुसा.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पाखरं दिव्यावर येतात आणि सकाळी ट्यूबलाइटखाली नुसता पंखांचा सडा. पंखा चालू करू नका, पाणी लावू नका, ओले पंख लादीला असे चिकटतात की नखाने काढावे लागतात. मऊ झाडूने हळूच एका बाजूला घेऊन सुपडीत भरा. आणि स्टाफला सांगून ठेवा की त्या दिवसांत संध्याकाळी खिडकीजवळचे दिवे बंद ठेवा.

जुलैत लादीला पाणी सुटतं. बाहेरची दमट हवा थंड लादीला लागली की तसं होतं, लोकांना वाटतं नीट पुसली नाही. त्या दिवशी ओला मॉप मारूच नका, खिडक्या बंद, पंखा चालू, सुका मॉप दोनदा. विचारलं तर कारण समजावून सांगा.

बुरशी कोरडी झाडू नका, तिचे कण हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. मास्क घालून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्याच्या फडक्याने टिपून घ्या, भिंतीला वर सांगितलेलं पातळ ब्लीचचं पाणी, मग कोरडं. रेक्झिनच्या खुर्च्यांना ब्लीच नको, साबणच. काचांना समुद्राकडून मिठाचा थर येतो, तो सुक्या पेपराने घासलात तर ओरखडे पडतात. आधी साध्या पाण्याने धुवा, मग साबण, मग वायपर.

कुंड्यांच्या थाळ्या, डिस्पेन्सरचा खालचा ट्रे, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आणि जिथे पाणी भरतं तिथे गमबूट आणि ग्लोव्हजशिवाय उतरायचं नाही, लेप्टो हा तापाचा आजार उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायावरच्या छोट्याशा जखमेतूनही शिरतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये भरलं तेव्हा दुकानं, ऑफिसं सगळी गाळाने भरली होती. असा गाळ ओला आहे तोवरच फावड्याने आणि वायपरने बाहेर काढायचा, एकदा वाळला की सिमेंट होतो. इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि नंतर ताप आला तर अंगावर न काढता सरकारी दवाखान्यात जाऊन "पुराच्या पाण्यात काम केलंय" हे आपणहून सांगायचं.

माणसं

साफसफाईवाल्याचा चेहरा लोकांना दिसत नाही असं म्हणतात, पण माझा अनुभव, आपण नाव सांगितलं आणि सकाळी नमस्कार केला की दिसायला लागतो. "मावशी" म्हणाले तर चांगलंच आहे. कोणी "ए" म्हणून हाक मारत असेल तर शांतपणे सांगा, "सर, माझं नाव अमुक, नावाने हाक मारा." बहुतेक लोक ओशाळतात आणि सुधारतात.

कोणी कामात असताना खुर्चीखाली झाडू घालू नका. "मॅडम, दोन मिनिटं इथे झाडू का, की जेवायच्या सुट्टीत करू?" एवढं विचारलं की पुरे. फोनवर बोलत असतील तर पुढच्या टेबलाला जा. ऐकलेलं ऑफिसातच सोडायचं, कुणाची बदली, कुणाचं कर्ज, कुणाचं घरचं, दुसऱ्या टेबलावर जाता कामा नये, तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारात पोचते.

तक्रार आली की आधी जागा बघायला जा. "काल तर पुसलं होतं" हे तोंडातून काढू नका, खरं असलं तरी. "दाखवा हो, बघते" म्हणा, करा, आणि झाल्यावर त्यांना बोलवून दाखवा, वहीत तारीख टाका. तीच तक्रार परत परत येत असेल तर कारण दुसरं असतं, गळणारा नळ, वरून झिरपणारी भिंत, ते मॅनेजरला लेखी द्या.

चहा आणा, वडापाव आणा, लाइट बिल भरून या, हे हळूहळू सुरू होतं. एखाद्या वेळी केलं तर माणुसकी, रोजचं झालं तर तुमचं मूळ काम राहतं आणि बोलणी तुम्हीच खाता. "दादा, संडास राहिलाय, तो झाल्यावर सुपरवायझरना विचारून जाते" हे वाक्य मी सगळ्यांना शिकवते. त्यात उद्धटपणाही नाही आणि समोरच्याला काय ते कळतं.

पैसे, कानातलं, पेनड्राइव्ह, काहीही सापडलं तर त्याच क्षणी, दुसऱ्या कोणासमोर, द्या आणि वहीत लिहून सही घ्या. खिशात ठेवून "नंतर देते" करू नका, पाच रुपये असले तरी. पेपरचा चुरगळलेला बोळा टेबलावर असेल तर तो कचरा धरू नका, डब्यात किंवा डब्याशेजारी पडलेलाच कचरा.

आणि बायकांनो, कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर कॉन्ट्रॅक्टवर आहोत म्हणून गप्प बसू नका. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कॉन्ट्रॅक्टवरच्या आणि रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे. ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कॉन्ट्रॅक्टर ईएसआयसीत, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के घालतो, कार्ड मागून घ्या, औषधपाण्याला उपयोगी पडतं.

सणवार आणि सुट्ट्या

खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा होते, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणजे हळद-कुंकू कीबोर्डवर दोन दिवस बसतं. हळदीला साबण लावू नका, साबणाने ती लाल होते आणि लोक घाबरतात. आधी सुक्या ब्रशने झाडा, मग फडक्यावर थोडं अल्कोहोल. पांढऱ्या लादीवरचा पिवळा डाग उन्हाची तिरीप येत असेल तर आपोआप फिका होतो. फुलं आणि अक्षता निर्माल्याच्या वेगळ्या पिशवीत, केरात नाही, यावर लोकांचं मन दुखावतं.

गणेश चतुर्थीला ऑफिस चार-पाच दिवस बंद. जाण्याआधी फ्रिज रिकामा, ओला कचरा बाहेर, सगळे डबे धुऊन पालथे, आणि प्रत्येक मोरीच्या, बेसिनच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या वळणात पाणी असतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही, बंद ऑफिसात ते आटलं की परत आल्यावर लोक नाकाला रुमाल लावून उभे. उघडायच्या दिवशी एक तास आधी जा, खिडक्या, पंखे, मग पुसणं.

तुम्ही स्वतः रजेवर जाणार असाल तर बदली माणसाला आदल्या दिवशी बरोबर घ्या, कुठला प्लग, कुठली फडकी, कुणाच्या टेबलाला हात लावायचा नाही, हे वहीतून वाचून दाखवा, आणि स्टाफला त्याचं नाव सांगून जा.